डॉ. प्रफुल्लकुमार सेन : झडप आणि हृदयाची ताकद

तामसीच्या पंचक्रोशीत कुणाच्या हृदयाची झडप खराब झाल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न असतो, नागपूरला न्यायचे की हैदराबादला? ऑपरेशन होते, झडप बदलता येते, हे आता आपण धरूनच चालतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी तसे नव्हते. ज्या मोजक्या डॉक्टरांनी हृदयावरील शस्त्रक्रिया आपल्या देशात रुजवली, त्यांतील एक डॉ. प्रफुल्लकुमार सेन. त्यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

सेन जन्माने बंगाली. 1915 साली कोलकात्यात जन्मले. पण डॉक्टर झाले मुंबईत, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, आणि पुढे तिथल्याच के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी हयात घालवली. 1926 साली सुरू झालेले हे महापालिकेचे रुग्णालय ऐन गिरणगावात आहे. आपण कापूस पिकवणारी माणसे. तिथे त्याच कापसाच्या धंद्यावर पोट भरणारी, कोकणातून आणि घाटावरून आलेली मराठी कुटुंबे चाळीतल्या एका खोलीत दाटीने राहत. सेन यांच्याकडे येणारे रोगी बहुतेक अशाच घरांतले.

दाटीवाटीच्या घरांत मुलांना घशाचा संसर्ग वारंवार होतो. त्यावर वेळेवर उपचार झाले नाहीत तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात, बरे होतात. पण हृदयाच्या झडपांवर कायमचा व्रण राहतो. डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू चिकटते आणि ऐन तारुण्यात चार पायऱ्या चढतानाही धाप लागते. अमेरिकेतून पुढचे शिक्षण घेऊन परतल्यावर सेन यांनी 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत के.ई.एम.मध्ये अशा झडपा मोकळ्या करायला सुरुवात केली. हृदय धडधडत असतानाच त्यात बोट घालायचे आणि चिकटलेली झडप अंदाजाने उघडायची, अशी ती शस्त्रक्रिया. डोळ्यांना काही दिसत नसे, सारा भरवसा स्पर्शावर.

पण फार कडक झालेली किंवा गळणारी झडप बोटाने सुधारत नाही. 1960 साली अमेरिकेत डॉ. स्टार यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप बसवून दाखवली आणि झडप बदलण्याचे युग आले. तेव्हा एक कोडे पुढे आले. नवी झडप नीट चाले, तरी काहींचे हृदय ऑपरेशननंतर थकलेलेच राही. मायट्रल झडप बारीक दोऱ्यांनी हृदयाच्या स्नायूला बांधलेली असते. जुनी झडप काढताना त्या दोऱ्याही कापल्या जात, आणि डाव्या कप्प्याचा आकार व जोर दोन्ही बिघडत. त्या दोऱ्या राखून झडप बसवावी, असे डॉ. लिलेहाय यांनी 1964 मध्ये सुचवले. बरीच वर्षे याकडे फारसे लक्ष गेले नाही. आज मात्र शक्य तेव्हा दोऱ्या राखतात, आणि झडप दुरुस्त होण्याजोगी असेल तर ती बदलण्याआधी दुरुस्तीचा विचार करतात.

झडप हे दार. काम करतो तो स्नायू. सेन यांचे लक्षही या स्नायूकडे होतेच. सापाच्या हृदयात स्नायूला आतल्या पोकळीतून थेट रक्त मिळते, हे पाहून त्यांनी हृदयाच्या स्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त पोहोचवण्याची कल्पना मांडली. 1965 मध्ये ती अमेरिकी नियतकालिकात छापून आली, आणि पुढे लेसरने अशी छिद्रे पाडणाऱ्यांनी तोच धागा उचलला.

फेब्रुवारी 1968 मध्ये त्यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. डॉ. बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या रोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासच जगला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही टिकला नाही. टीका झाली. मेंदू मृत झाल्यावर अवयव घेण्याचा कायदा देशात 1994 साली आला, आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांचे रोपण यशस्वी झाले. हे अपयश झाकून सेन यांना मोठे करण्याची गरज आम्हाला वाटत नाही. 1969 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1982 मध्ये ते गेले.

त्यांच्या चरित्रातून आपल्या घरांनी दोन गोष्टी घ्याव्यात. ऑपरेशनआधी केवळ कोणती झडप बसवणार एवढेच नव्हे, तर हृदयाची ताकद किती उरली आहे, झडप दुरुस्त होईल का, दोऱ्या राखता येतील का, हेही डॉक्टरांना विचारावे. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर चालते. बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये आणि रक्ततपासणी चुकवू नये. दुसरी गोष्ट लेकरांची. घसा दुखून ताप आला, मागून सांधे सुजले, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांनी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले असेल, तर कापूस वेचणीच्या घाईतही ती तारीख चुकवू नका. ज्या रोगाशी सेन आयुष्यभर झुंजले, तो पुष्कळदा तिथेच अडवता येतो.