सही न करणारी लेक

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण परवा हातात एक कागद घेऊन आली. हक्कसोडपत्र. भाऊ म्हणाला, ताई, रजिस्टर ऑफिसात येऊन सही तेवढी कर, म्हणजे सातबारा मोकळा होईल. तिला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? तर म्हणाली, मनात काय असायचंय, सही नाही केली तर माहेर तुटेल. २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ लाच तशी दुरुस्ती झाली होती. पण कायदा एकीकडे आणि ओवाळणीचं ताट एकीकडे! तिनं काय करायचं ते तिचं ती ठरवेल. मला मात्र त्या दिवशी चारशे वर्षांपूर्वीची एक इंग्रज बाई आठवत राहिली. तिच्यापुढेही असाच कागद ठेवला होता. ठेवणारा साधासुधा नव्हता, प्रत्यक्ष इंग्लंडचा राजा होता.

तिचं नाव लेडी अ‍ॅन क्लिफर्ड. जन्म ३० जानेवारी १५९०, उत्तर इंग्लंडमधल्या स्किप्टनच्या किल्ल्यात. वडील जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलंडचे तिसरे अर्ल, राणी एलिझाबेथच्या दरबारातले मानकरी. दर्यावर्दी माणूस. स्पेनची जहाजं लुटायची, दरबारात थाटामाटानं मिरवायचं आणि कर्ज करून ठेवायचं, असं त्यांचं आयुष्य. आपल्याशी त्यांचा एक धागा आहे बरं का! ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीची सनद निघाली, तिच्यात पहिलं नाव याच अर्लसाहेबांचं होतं. त्यांनी बांधून घेतलेलं लढाऊ जहाज कंपनीनं विकत घेतलं, त्याचं नाव ठेवलं रेड ड्रॅगन. कंपनीच्या पहिल्या सफरीत तेच पुढं होतं आणि १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला पोर्तुगीजांशी जी लढाई झाली, तिच्यातही तेच होतं. म्हणजे लेकीला जे जहाज मिळालं नाही ते आपल्या दारात येऊन उभं राहिलं!

अ‍ॅनला दोन भाऊ होते, दोघंही लहानपणीच वारले. उरली ती एकटी. आई मार्गारेट हुशार, धार्मिक, स्वभावानं करारी. नवरा-बायकोचं पटत नव्हतं, वेगळे राहत. मुलीला शिकवायला सॅम्युअल डॅनियल हा कवी ठेवला होता. पण वडिलांचा हुकूम असा, की तिला परभाषा शिकवायच्या नाहीत. मुलीच्या जातीला काय करायचंय, हे तिकडेही होतंच.

ऑक्टोबर १६०५ मध्ये वडील गेले. अ‍ॅन पंधरा वर्षांची. मृत्युपत्र उघडलं तर सगळी जमीन, सगळे किल्ले धाकट्या भावाला, म्हणजे अ‍ॅनच्या काकाला, फ्रान्सिसला. मुलीला पंधरा हजार पौंड. रक्कम त्या काळात लहान नव्हती, पण पैसे देऊन लेकीला वाटेला लावलं, असाच त्याचा अर्थ.

इथं जरा थांबून इंग्रज सरदारांच्या पदव्यांचं गणित सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अर्ल ही पदवी बहुतेक वेळा राजाच्या लेखी सनदेनं दिलेली असते आणि सनदेतच लिहिलेलं असतं, की ती पुरुष वारसाकडेच जाईल. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या. मुलगी कितीही कर्ती असली तरी नाही. पण काही फार जुन्या बॅरन पदव्या सनदेच्या नाहीत. जुन्या काळी राजानं एखाद्याला पार्लमेंटला बोलावल्याचा हुकूम काढला, त्यातून त्या तयार झाल्या. त्या मुलीकडेही जातात. क्लिफर्डांची बॅरन पदवी अशीच, १२९९ सालची. म्हणजे कंबरलंडची अर्ल पदवी काकाला जाणार याबद्दल अ‍ॅनची तक्रार नव्हतीच. तिचं म्हणणं बॅरन पदवीबद्दल होतं, आणि त्याहून जास्त जमिनीबद्दल. कारण एडवर्ड दुसरा राजा होता तेव्हाच्या जुन्या कागदांप्रमाणे वेस्टमोरलँडची जमीन थेट रक्ताच्या वारसाला जायची होती, मग तो मुलगा असो की मुलगी. मृत्युपत्र लिहून ती दुसरीकडे वळवायचा वडिलांना अधिकारच नव्हता, असं आईनं ठरवलं आणि कोर्टाची पायरी चढली. त्या माउलीनं जुने दस्त शोधून काढले, जाणकारांकडून वाचून घेतले, नकला करवल्या. आपल्याकडे फेरफार काढायला तलाठ्याकडे खेपा घालणारी आई आठवा. तशीच ही.

फेब्रुवारी १६०९ मध्ये अ‍ॅनचं लग्न झालं रिचर्ड सॅकव्हिलशी. लग्नानंतर दोनच दिवसांनी सासरे वारले आणि नवरा डॉर्सेटचा तिसरा अर्ल झाला. सासर म्हणजे केंटमधला नोल हा प्रचंड वाडा. नवरा देखणा, उधळ्या. कपडे, घोडे, कोंबड्यांच्या झुंजी, जुगार. त्याला बायकोच्या जमिनीपेक्षा रोख रक्कम हवी होती. काकाशी तडजोड करून अ‍ॅननं हक्क सोडला तर पैसे मिळणार होते. झालं, सुरू झालं घरोघरी होतं तेच. आधी लाडीगोडी, मग अबोला, मग धमक्या. मोठमोठी माणसं तिला समजवायला आली, अगदी कँटरबरीचे आर्चबिशपसुद्धा. तिचं उत्तर एकच, आईला विचारल्याशिवाय सही नाही.

१६१६ मध्ये ती आईला भेटायला उत्तरेला ब्रूमच्या किल्ल्यावर गेली. निरोप घेताना आई रस्त्यापर्यंत पोचवायला आली. २ एप्रिलचा दिवस. दोघी तिथं रडल्या आणि वेगळ्या झाल्या. मे महिन्यात नवऱ्यानं दोन वर्षांचीही न झालेली लेक, मार्गारेट, तिच्यापासून काढून लंडनला न्यायला लावली. तिनं जाऊ दिली. आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला आई गेली. म्हणजे रस्त्यावरची ती भेट शेवटचीच ठरली. त्या जागी अ‍ॅननं पुढं चाळीस वर्षांनी एक खांब उभारला, काउंटेस पिलर. बाजूला दगडी टेबल. दर २ एप्रिलला तिथं गावातल्या गरिबांना चार पौंड वाटायचे अशी कायमची तरतूद करून ठेवली.

हे सगळं आपल्याला इतकं बारीक कळतं, कारण ती रोजनिशी लिहायची. कुणी काय निरोप धाडला, कुठल्या दिवशी कुठला झगा घातला, नवरा कधी बोलला, कधी नाही, सगळं. मला ती रोजनिशी म्हणजे वकिलाच्या फायलीइतकीच महत्त्वाची वाटते. छळ झालेल्या बायकांशी बोलताना मीही हेच सांगते, तारीख लिहून ठेवा गं.

जानेवारी १६१७ मध्ये राजा जेम्सनं दोन्ही बाजूंना बोलावलं. जाण्याआधी राणीनं तिला हळूच सावध केलं, की सगळं राजाच्या निवाड्यावर सोपवू नकोस. (बघा, राणीसुद्धा बाईच.) आत काका, चुलतभाऊ, नवरा, न्यायाधीश, सरदार. बाईमाणूस ती एकटी, वय सव्वीस. सगळ्यांनी राजाचा निर्णय मानायचं कबूल केलं. ती म्हणाली, वेस्टमोरलँड दिल्याशिवाय मी काहीच मानणार नाही. राजा संतापला. आता भर सभेत बायकोची बेअब्रू होते की काय, या भीतीनं नवऱ्यानंच दार उघडवून तिला बाहेर काढवलं. मार्चमध्ये निवाडा आला. जमीन काकाची आणि त्याच्या मुलग्यांची. तो पुरुष वंश संपला तरच अ‍ॅनची. बदल्यात हजारो पौंड, तेही तिला नाही, तिच्या नवऱ्याला. तिनं सही केली नाही ती नाहीच.

या अटीतला शेवटचा भाग लक्षात ठेवा. पुरुष वंश संपला तरच.

डॉर्सेटपासून तिला तीन मुलगे झाले, तिन्ही तान्हेपणी गेले. मार्गारेट आणि इसाबेला या दोन मुली उरल्या. १६२४ मध्ये नवरा वारला आणि काय झालं? त्याची पदवी त्याच्या भावाला गेली. मुलींना नाही. लेक असताना काकानं घेतलं आणि बायको असताना दिरानं. त्यानंतर तिला देवी आल्या, चेहरा खराब झाला. आता लग्न नको असं तिनं ठरवलं होतं, तरी १६३० मध्ये पेंब्रोकच्या अर्लशी दुसरं लग्न केलं. दोन मुलींची आई, दीर विरोधात, पाठीशी वजनदार माणूस हवा, हा हिशेब असणार. या वेळी मात्र उत्तरेकडच्या हक्काला हात लावायचा नाही, हे तिनं लग्नाच्या करारातच घालून घेतलं. हाही संसार चारपाच वर्षांतच मोडला. इसाबेलाचं लग्न आपल्या मुलाशी लावायचा त्याचा हट्ट होता, तिनं मानलं नाही. १६३४ पासून ती वेगळी राहू लागली.

मधल्या काळात सरकारदरबारी एक गंमत झाली. १६२८ मध्ये चुलतभाऊ हेन्रीला लॉर्ड क्लिफर्ड म्हणून पार्लमेंटला बोलावलं गेलं. जुनी बॅरन पदवी त्याच्या बापाकडे आहे, असा समज. पण ती तर त्यांची नव्हतीच! मग हुकूम चुकीचा, पण निघालेला, म्हणून कायद्यानं क्लिफर्ड नावाची एक नवीनच पदवी जन्माला आली. एका चुकीमुळे एका नावाच्या दोन पदव्या! ती चुकीची पदवी पुढं हेन्रीच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या वंशात गेली.

कारण हेन्रीलाही वारस म्हणून मुलगा उरला नव्हता. १६४१ मध्ये काका गेला, डिसेंबर १६४३ मध्ये हेन्री गेला आणि ज्या पुरुष वंशासाठी वडिलांनी लेकीला बाजूला सारलं तो तिथंच संपला. कंबरलंडची अर्ल पदवी नाहीशी झाली. सगळी जमीन अ‍ॅनची. बाप जाऊन अडतीस वर्षं झाली होती, ती चोपन्नाला टेकलेली. तेवढ्यात देशात यादवी युद्ध पेटलेलं, उत्तरेला जाणं शक्य नव्हतं. अखेर जुलै १६४९ मध्ये लंडन सोडून ती निघाली तेव्हा तिला साठावं लागलं होतं. सहा महिन्यांत दुसरा नवराही वारला.

साठीत आपल्याकडे बायका जपमाळ घेतात. हिनं गवंडी आणि सुतार बोलावले. स्किप्टन, अ‍ॅपलबी, ब्रूम, ब्रफ, पेंड्रॅगन, शिवाय बार्डनचा मनोरा, युद्धानं आणि आगीनं पडझड झालेलं एकेक बांधून काढलं. पेंड्रॅगन तर तीनशे वर्षं ओसाड पडला होता. पडकी चर्चं दुरुस्त केली. अ‍ॅपलबीत १६५१ मध्ये गरीब बायकांसाठी आश्रमाचा पाया घातला, एक प्रमुख आणि बारा जणी अशी व्यवस्था. मधे चौक आणि भोवती खोल्या, फार सुरेख जागा आहे म्हणतात. वेस्टमोरलँडच्या शेरीफचं वंशपरंपरागत पदही बाई असून तिनं स्वतःच चालवलं.

कुळांशी मात्र ती कडक होती. एका कुळानं खंडाची एक कोंबडी द्यायचं नाकारलं, तर तिनं कोंबडीपेक्षा कितीतरी पट खर्चून खटला लढवला, जिंकला आणि मग त्यालाच जेवायला बोलावून तीच कोंबडी वाढली, अशी गोष्ट सांगतात. स्वतःचा हक्क मागणारी बाई दुसऱ्याच्या बाबतीत मऊ असतेच असं नाही. ज्यांच्याकडून ती वसुली करायची, त्यांच्या बायकांना ही काउंटेस कशी वाटली असेल, कोण जाणे.

१६४६ मध्ये तिनं एक मोठं तीन भागांचं चित्र काढून घेतलं, ते केंडल गावात आहे. डावीकडे पंधरा वर्षांची अ‍ॅन, उजवीकडे छप्पन्न वर्षांची. मधे आईवडील आणि ते दोन लहान भाऊ. डावीकडची वारसा गमावलेली, उजवीकडची मिळवलेली. मधली सगळी वर्षं, दोन्ही नवरे, मोठे चित्रांत नाहीतच! नवऱ्यांच्या छोट्या तसबिरी तेवढ्या भिंतीवर टांगलेल्या दाखवल्यात.

२२ मार्च १६७६ ला ती ब्रूमच्या किल्ल्यात गेली, वय शहाऐंशी. वडील त्याच किल्ल्यात जन्मले होते आणि आई तिथंच गेली होती. आदल्या दिवसापर्यंत रोजनिशी चालू होती. वडील पुरले आहेत स्किप्टनला, पण तिनं स्वतःची समाधी अ‍ॅपलबीला आईजवळ आधीच बांधून ठेवली होती. तिच्यावर तिची मूर्ती नाही, नुसती घराण्याची मानचिन्हं, कोण कुणाचं ते सांगणारी. मरणानंतरसुद्धा वंशावळच!

१६९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं मान्य केलं, की १२९९ ची क्लिफर्ड बॅरन पदवी अ‍ॅनचा नातू, मार्गारेटचा मुलगा थॉमस टफ्टन याची आहे. म्हणजे ती मधे अ‍ॅनचीच होती. या थॉमसला पाच मुलीच झाल्या. अशा पदव्यांत बहिणींमध्ये थोरली-धाकटी नसते, सगळ्या सारख्या, म्हणून १७२९ मध्ये पदवी नुसती लोंबकळत राहिली. १७३४ मध्ये राजानं ती तिसऱ्या मुलीला दिली. तिचंही नाव मार्गारेट. ती पदवी अजून आहे.

आणि नोल? १९२३ मध्ये अ‍ॅनची रोजनिशी छापून आली, ती संपादित केली होती व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेनं. व्हिटा याच वाड्यात जन्मलेली, आईवडिलांची एकुलती एक. १९२८ मध्ये तिचे वडील गेले. वाडा आणि पदवी गेली काकाला.