फॉन्टच्या यादीतला ‘गॅरामाँड’ नेमका कोण होता?

क्लोद गारामाँ हा सोळाव्या शतकातला पॅरिसचा कारागीर. पोलादी ठशावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यातून छपाईचे खिळे ओतायचे, असं हे काम.

१५४० मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्यासाठी त्याने ग्रीक अक्षरं घडवायला घेतली. नमुना होता अँजेलो व्हर्जेसियो या लेखनिकाच्या हस्ताक्षराचा. हाताने लिहिताना अक्षरं एकमेकांत गुंततात. म्हणून शेकडो जोडरूपं वेगळी कोरावी लागली.

१५६१ मध्ये तो गेला आणि त्याचे ठसे विकले गेले. पुढे तर झाँ जानों या दुसऱ्याच कारागिराची अक्षरं गारामाँच्या नावावर खपली. १९२६ मध्ये बिआट्रिस वॉर्ड यांनी ही गफलत उघड केली. एमएस ऑफिसमधला गॅरामाँडसुद्धा मुळात जानोंचाच!

‘ईबी गॅरामाँड’ हा मुक्त फॉन्ट मात्र १५९२ च्या नमुनापत्रावरून बनलाय आणि त्यात गारामाँची खरी अक्षरं आहेत. लिब्रेऑफिसमध्ये त्याची स्मॉल कॅपिटल्स किडकिडीत दिसतायत? मग प्रोग्रॅम मोठी अक्षरंच आकसून दाखवतोय. कॅरेक्टरच्या खिडकीत फॉन्ट टॅबवर ‘फीचर्स’ उघडा आणि तिथून स्मॉल कॅपिटल्स निवडा. मग फॉन्टमध्ये खास रेखाटलेली अक्षरं येतील.

जोडरूपं जुळवायचं काम तिथे ‘हार्फबझ’ हे मुक्त सॉफ्टवेअर करतं. आपली ‘क्ष’, ‘त्र’ ही जोडाक्षरंही तेच जुळवतं. गारामाँला मात्र प्रत्येक जोडरूप पोलादात कोरावं लागलं होतं.