रामजोशी आणि बारामती

कऱ्हेच्या कांठीं वसलेल्या बारामतीचें नांव निघालें कीं कविवर्य मोरोपंतांचें स्मरण होतें. पूर्वीं महाराष्ट्रांतील शाळांतून त्यांच्या आर्या मुलांकडून पाठ करवून घेत, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांना त्या अजूनहि येत असतील. परंतु या आर्या ज्यांच्या कंठानें गांवोगांवीं पोंचल्या, त्यांतील एक कंठ मूळचा तमाशांतला होता, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. त्या कंठाचे धनी जे रामजोशी, त्यांचें चरित्र येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रामजोशी यांचा जन्म सोलापुरास १७६२ च्या सुमारास झाला. घराणें विद्वान् ब्राह्मणांचें. वडील बंधु मुद्गल जोशी हे पुराणिक व कीर्तनकार म्हणून नांवाजलेले. धाकट्यानें तीच पोथी पुढें चालवावी, अशी घरच्यांची अपेक्षा असणें साहजिक होतें. पण रामाचा ओढा डफाकडे. गांवांत धोंडी शाहिराचा तमाशा होई, तेथें हा मुलगा जाऊन बसे. पुढें पुढें तर तो त्या फडासाठीं लावण्याहि रचूं लागला.

या गाण्यांत असें काय होतें? आमच्या मुलांनीं जत्रेंत दुरून ढोलकी ऐकली असेल, पण जुन्या शाहिराचा संच याहूनहि साधा असे. एका हातांत कडीसारखा गोल डफ, त्यावर दुसऱ्या हाताची थाप. शेजारीं एका तारेचें तुणतुणें, जें सबंध रात्र एकच स्वर धरून बसतें. आणि मागें झीलकरी, जे शाहिराचा शेवटचा शब्द उंच सुरांत उचलून धरतात. एवढ्याशा सामग्रीवर हजार माणसें पहांटेपर्यंत खिळवून ठेवावयाचीं, म्हणजे शब्दच तसा खणखणीत हवा. चाल ढोलकीच्या ठेक्याला चिकटलेली, यमकावर यमक आदळणारें, आणि अर्थ तर शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यासहि तत्काळ कळला पाहिजे. हें काम सोपें आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें एक कडवें रचून पाहावें.

घरीं हें खपण्यासारखें नव्हतें. ब्राह्मणाच्या मुलानें डफ हातीं धरावा, हा त्या काळीं कुळाला बट्टा समजत. मुद्गल जोशांनीं भावास घराबाहेर काढलें, असें सांगतात. त्या वडील भावास आम्ही निष्ठुर म्हणणार नाहीं. ज्या समाजांत त्यांना पुराण सांगून पोट भरावयाचें होतें, त्या समाजाचा तो धाक होता. रामजोशी पंढरपुरास गेले आणि तेथें पाध्ये यांच्याजवळ राहून त्यांनीं संस्कृत काव्याचा अभ्यास केला. अध्ययन इतकें पक्कें झालें कीं, मदालसाचंपू नांवाचें संस्कृत काव्यहि त्यांच्या नांवावर आहे. मात्र पंडित होऊन परतल्यावर ते डफ विसरले नाहींत. त्यांनीं आपला स्वतंत्र फड उभा केला. त्या फडांतील बया या गायिकेचें नांव परंपरेनें राखून ठेविलें आहे. आतां लावणींत संस्कृत समास आले, आणि एकाच लावणींत संस्कृत, मराठी, कानडी व हिंदुस्थानी अशा निरनिराळ्या भाषा ओंविण्याचे चमत्कारहि आले. त्यांच्या कांहीं शृंगारिक लावण्या वर्गांत वाचावयाच्या नव्हेत, हें खरें; परंतु उपदेशाच्या लावण्या त्याच लेखणीच्या आहेत.

कऱ्हेचें पाणी नीरेस मिळतें, नीरा इंदापूर तालुक्यांत नरसिंहपुराजवळ भीमेस मिळते, आणि पुढें भीमा पंढरपुराखालून वाहत जाते. पाण्याची वाट अशी बारामतीहून पंढरपुराकडे आहे. रामजोशांची कीर्ति मात्र ओघाच्या उलट बारामतीस आली. सोलापूर-पुण्याचा रस्ता आजहि इंदापुरावरून जातो. या बाजूस फडांची व हरदासांची जा-ये नवी नाहीं.

बारामतीस त्या वेळीं मोरोपंत पराडकर होते. पन्हाळ्यास १७२९ मध्यें जन्मलेले हे पंडित बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयास राहून पुराण सांगत व अखंड काव्यरचना करीत. निरनिराळ्या चमत्कृतींनीं नटलेलीं एकशेंआठ रामायणें, आर्याभारत आणि केकावलि हें त्यांचें कार्य. वयानें रामजोशांहून तीस वर्षांवर वडील, वृत्तीनें भाविक, आणि भाषेच्या शुद्धतेविषयीं दक्ष. अशा पुरुषानें तमाशगिराचें नांव ऐकतांच कान झांकले असते, तर त्या काळच्या मानानें कोणीं त्यांस दोष दिला नसता. परंतु परंपरा सांगते ती गोष्ट निराळी. रामजोशांची लावणी पंतांच्या कानीं पडली. त्यांनीं तींतील कवित्व ओळखलें, तिच्या कर्त्याचा कवि म्हणून गौरव केला आणि ही वाणी हरिकथेस लावावी असें सुचविलें.

आम्हांस यांत विलक्षण कांहीं वाटत नाहीं. यमकाचा छंद जसा शाहिरास, तसाच पंतांस! जो मनुष्य जन्मभर अक्षरांशीं खेळला, त्यास दुसऱ्याचा डाव कळणारच. मग तो देवळांत मांडलेला असो कीं पटांगणांत.

पुढें रामजोशी कीर्तनास उभे राहिले आणि पंतांच्या आर्या त्यांनीं आपल्या आख्यानांत घेतल्या. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पंत ज्यास आर्या म्हणतात, ती बहुधा गीति असते. बारा व अठरा मात्रांचे चरण, आणि त्यांत समासांची दाटी. पोथींत वाचतांना ती सामान्य मनुष्यास अवघड जाते. तीच, जनसमुदाय हातीं ठेवण्याची विद्या डफावर शिकलेल्या गायकानें योग्य ठिकाणीं थांबून, शब्द सुटा करून म्हटली कीं तिचा अर्थ आपोआप उलगडे. पंडिताचें काव्य लोकांत रुजलें तें अशा कीर्तनकारांमुळें, आणि त्यांत रामजोशांचा वांटा मोठा आहे. संगमनेरचे अनंत फंदी हेहि असेच तमाशांतून कीर्तनाकडे वळले. पण आर्यांचा ध्वज खांद्यावर घेतला तो सोलापूरच्या या शाहिरानें.

मोरोपंत १७९४ मध्यें बारामतीस निवर्तले. दोन वर्षांनीं दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि त्यांच्या कारकीर्दींत रामजोशांनीं पुणें गाजविलें. १८१२ च्या सुमारास ते वारले. १९४७ मध्यें राजकमलनें लोकशाहीर रामजोशी हा चित्रपट काढला. त्यांत जयराम शिलेदार रामजोशी झाले व हंसा वाडकर बया झाल्या. गीतें ग. दि. माडगूळकरांचीं आणि संगीत वसंत देसायांचें होतें. तो पाहावयास मिळाल्यास आमच्या वाचकांनीं डफ-तुणतुण्याकडे विशेष कान द्यावा.