हाफकिन, लोणावळा आणि माणसांची मोजदाद

वाल्देमार हाफकिन हे नाव परळच्या हाफकिन संस्थेमुळे आपल्याला ठाऊक आहे. प्लेगची लस त्यांनी शोधली, हेही अनेकांना माहीत असते. पण लस तयार करणे हे त्यांचे अर्धेच काम होते. ती खरोखर माणसे वाचवते हे दाखवण्यासाठी आधी माणसे नीट मोजावी लागली. त्यातली एक महत्त्वाची मोजणी आपल्या लोणावळ्यात झाली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात ते मेच्निकॉफ यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले. त्या काळच्या रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणे अवघड होते, आणि त्यासाठी धर्म बदलायला त्यांनी नकार दिला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. सुरुवातीला काम मिळाले ते ग्रंथालयातले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

लस टोचलेली माणसे कॉलऱ्यापासून वाचली, एवढे सांगून भागत नव्हते. न टोचलेलीही बरीच माणसे वाचतच होती. म्हणून एकाच वस्तीत राहणारे, एकच पाणी पिणारे दोन गट हवे होते. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत तशी संधी मिळाली. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर कॉलरा झाला तो फक्त न टोचलेल्यांना. हा हिशेब पाहून कलकत्ता महापालिकेने पुढच्या कामासाठी पैसे दिले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली छोटी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात ती स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली गेली. तुरुंगात रोज हजेरी होत असल्याने आकडा चुकण्याची भीती नव्हती.

तुरुंगाबाहेर मात्र अडचण होती. शेवटची जनगणना १८९१ ची. प्लेगच्या भीतीने मुंबई-पुण्यातून माणसे गावोगाव पळाली होती, त्यामुळे सहा वर्षांपूर्वीचा आकडा निरुपयोगी झाला होता. लोणावळ्यात १८९७ च्या पावसाळ्यात साथ पसरली, तेव्हा बाधित वस्तीतले लोक नव्याने मोजले गेले. लस घेतलेले ३२३ आणि न घेतलेले ३७७. न घेतलेल्यांपैकी ७८ जणांना प्लेग झाला आणि ५७ दगावले. घेतलेल्यांपैकी १४ आजारी पडले आणि ७ दगावले. म्हणजे एका गटात शंभरामागे १५ मृत्यू, तर दुसऱ्यात जेमतेम २.

इथे ३२३ हा आकडा मृत्यूच्या आकड्याइतकाच मोलाचा आहे. लस घेतलेले फक्त ५० असते, तर त्यातले ७ मृत्यू म्हणजे १४ टक्के झाले असते आणि लस निकामी ठरली असती. मृत्यू कितीही काटेकोर नोंदले, तरी ते किती माणसांमागे झाले हे कळल्याशिवाय त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

ही मोजणी सोप्या दिवसांत झाली नव्हती. त्याच वर्षी पुण्यात घरझडत्यांमुळे संताप उसळला होता आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. लोक रोगी लपवत, मृत्यूही लपवत. दारावर येणाऱ्या माणसावर विश्वास नसला की नोंदवही खोटी होते. हाफकिन यांनी लस ऐच्छिक ठेवली होती.

१८९८ मध्ये त्यांनी बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात आणखी नेटका प्रयोग केला. घरोघरची नावे घेऊन प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली. पुढे प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेले ७१ होते, त्यातले ३ दगावले. न घेतलेले ६४ होते, त्यातले २६ दगावले. भारतीय प्लेग आयोगाने असे आकडे कसून तपासले आणि लसीमुळे रोगाचे प्रमाण घटते हे मान्य केले.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. पण त्या दिवशी टोचलेल्या १०७ जणांपैकी दगावलेले सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते, आणि दोष गावात बाटली उघडताना झाला असावा असे पुरावे सांगत होते. तरीही १९०७ पर्यंत त्यांना दोषमुक्तीची वाट पाहावी लागली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे ते वारले. त्याआधी पाच वर्षे परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते.

त्यांचा धडा आज मावळाला पुन्हा लागू पडतो. २०११ मध्ये लोणावळा शहराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. दरम्यान तळेगावची कारखानदारी वाढली, नवे गृहप्रकल्प आले. लसीचे डोस, आरोग्य केंद्रातले कर्मचारी, बालमृत्यूचा दर हे सगळे अजून जुन्या आकड्यावरच्या अंदाजाने ठरते.

आता २०२७ च्या जनगणनेसाठी केंद्राने ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले आहेत. आधी घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची गणती, असे तिचे दोन टप्पे आहेत. रक्कम मोठी वाटते, पण दरडोई ती शंभर रुपयांच्या आतच आहे. हा पैसा प्रगणकांच्या प्रशिक्षणावर आणि दूरच्या पाड्यांपर्यंत पोहोचण्यावर नीट खर्च व्हायला हवा. कुलूपबंद बंगला सहज नोंदला जाईल. चुकण्याची भीती आहे ती डोंगरातल्या कातकरी वस्तीची, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाची आणि भाड्याच्या खोलीत दाटीने राहणाऱ्या कामगारांची. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार आपली वैयक्तिक माहिती गोपनीय राहते, हेही घरोघर सांगायला हवे. प्रगणक दारात आला की घरातल्या प्रत्येकाचे नाव सांगा, तान्ह्या बाळाचेही. पुढची साथ येईल तेव्हा लस किती मागवायची, हे त्याच यादीवरून ठरणार आहे.