रेव्हरंड विल्यम कर्बी व त्यांच्या रानमाश्या

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे झाडास लोंबणारे मोहोळ, त्यातील राणी व तिच्या सहस्रावधी कामकरी माश्या उभ्या राहतात. परंतु मध साठवून एकत्र नांदणाऱ्या माश्या ह्या त्या विस्तीर्ण कुळातील अगदी थोड्या होत. बहुतेक माश्या एकट्याच राहतात. मादी जमिनीत आपल्यापुरते बीळ खणते, त्यात परागाचा गोळा ठेवून वर अंडे घालते, आणि तोंड बुजवून निघून जाते. त्यांतील कित्येक तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. इंग्लंडातील अशा रानमाश्यांची जातवारी शास्त्रीय रीतीने प्रथम ज्यांनी लाविली, ते कोणी विद्यापीठातील अध्यापक नव्हते. ते एका खेड्यातील मंदिराचे पाळक होते. त्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

विल्यम कर्बी ह्यांचा जन्म १९ सप्टेंबर १७५९ रोजी सफोक परगण्यातील विट्नेशॅम ह्या गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. इप्स्विच येथील शाळेत व नंतर केंब्रिज येथील कीज कॉलेजात शिक्षण होऊन १७८१ साली त्यांस पदवी मिळाली. पुढील साली दीक्षा घेऊन ते बार्हम ह्या खेड्यात गेले. प्रथम सहायक व पुढे मुख्य पाळक ह्या नात्याने तेथेच त्यांनी अडुसष्ट वर्षे काढिली.

कीटकांकडे त्यांचे लक्ष वळले ते सहज. एके दिवशी सकाळी खिडकीच्या कठड्यावर एक पिवळा, वाटोळा, लहानसा भुंगेरा चालताना त्यांस दिसला. त्याच्या पाठीवर बावीस काळे ठिपके होते. तो मरावा म्हणून त्यांनी त्यास मद्यात बुडवून ठेविले. दुसरे दिवशी वाळविण्याकरिता बाहेर काढून ठेविला, तो उन्हाची ऊब लागताच तो मेलेला भुंगेरा चालू लागला! ह्या कौतुकातूनच त्यांच्या आयुष्यभराच्या व्यासंगास प्रारंभ झाला. इप्स्विच येथील डॉ. ग्विन ह्यांनी त्यास उत्तेजन दिले. सृष्टीचे निरीक्षण करणे हा आपल्या धर्मकार्याचाच भाग आहे असे कर्बी मानीत, आणि आजाऱ्यास भेटावयास पायी जाता जाता कुंपणाच्या फुलांवरील माशीकडे पाहण्यास त्यांस सवड मिळत असेल असे आम्हांस वाटते.

त्या काळी स्थिती कशी होती? प्रसिद्ध स्वीडिश पंडित लिनीअस ह्याने सर्व मधमाश्यांस ‘आपिस’ ह्या एकाच वंशात घातले होते. त्याचा शिष्य फाब्रिशियस ह्याने काही गट वेगळे केले, तरी घोटाळा उरलाच. ह्या माश्यांत नर व मादी पुष्कळदा इतकी भिन्न दिसतात की एकाच जातीस दोन नावे पडावीत. मादीच्या मागल्या पायांस पराग वाहण्याकरिता दाट केस असतात. नर सडपातळ, आणि त्यास ते केस नसतात. मिशांचे सांधे मोजले तर मादीचे बारा व नराचे तेरा भरतात. उलट, कित्येक भिन्न जाती मात्र अशा सारख्या दिसतात की भिंगाखाली धरल्यावाचून भेद कळू नये.

कर्बी ह्यांनी मुख्य आधार घेतला तो जिभेचा. रंग उन्हाने विटतो, केस झिजतात. परंतु तोंडाची घडण बदलत नाही. जिभेवरून त्यांनी आखूड जिभेच्या माश्यांस ‘मेलिटा’ व लांब जिभेच्यांस ‘आपिस’ असे दोन वंश ठरविले, आणि १८०२ साली इंग्लंडातील माश्यांवरील आपला लॅटिन नावाचा ग्रंथ दोन खंडांत इप्स्विच येथे छापून प्रसिद्ध केला. त्यात दोनशेंहून अधिक जातींचे वर्णन आहे.

ह्या ग्रंथातील एक प्रकरण विशेष सांगण्याजोगे आहे. जमिनीत बीळ करणाऱ्या एका माशीच्या पोटावर गोचिडासारखे काही चिकटलेले त्यांस दिसले. ते टाचणीने काढू गेले, तो आतून एक पांढरट, मऊ जीव बाहेर आला. जे गोचीड वाटले होते ते त्या जिवाचे डोके होते! ह्या परोपजीवी कीटकास त्यांनी ‘स्टायलॉप्स’ हे नाव दिले, व १८१३ साली त्याच्यासाठी कीटकांचा एक स्वतंत्र गणच स्थापिला. ह्याची मादी जन्मभर माशीच्या पोटातच राहते. नरास पंख असतात, पण त्याचे आयुष्य काही तासांचेच असते. ज्या माशीच्या अंगात हा कीटक शिरतो तिचे रूपही पालटते. मादीचे परागाचे केस विरळ होतात व ती नरासारखी दिसू लागते. अशा माश्यांस निराळी जात समजण्याची चूक पुढे अनेक विद्वानांच्या हातून घडली.

कर्बी ह्यांच्या हातूनही चुका झाल्या. दोन इवल्याशा माश्यांस त्यांनी ‘पार्व्हुला’ व ‘मिन्युट्युला’ अशी दोन नावे दिली. पुढे असे आढळून आले की ती एकच जात असून तिच्या वर्षातून दोन पिढ्या होतात. वसंतात निघणारी पिढी किंचित निराळी दिसते, व उन्हाळ्यात निघणारी निराळी. टाचणीला टोचलेल्या माशीवरून हे कोणास कळावे? त्यासाठी वर्षभर तिची पिढी पाहावी लागते. ह्या चुकीबद्दल त्यांस दोष देण्यास आम्ही धजत नाही.

दुसऱ्या एका गोष्टीविषयी मात्र हळहळ वाटते. आपल्या दोन वंशांच्या पोटात त्यांनी अनेक स्वाभाविक गट अचूक पाडिले होते. परंतु लिनीअसच्या व्यवस्थेबाहेर फार जाणे त्यांच्या विनयशील स्वभावास रुचले नसावे. त्या गटांस त्यांनी नावे दिली नाहीत. केवळ तारकाचिन्हे व अक्षरे घालून ठेविली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लात्रेय हे पंडित स्वतंत्रपणे जवळजवळ ह्याच विभागणीस पोहोचले होते, आणि त्यांनी आपल्या गटांस नावे दिली. प्राणिशास्त्राचा नियम असा की जो प्रथम योग्य रीतीने नाव देईल त्याचे नाव चालावे. म्हणून कर्बी ह्यांनी ओळखलेले कित्येक गट आज इतरांनी दिलेल्या नावांनी ओळखले जातात.

पुढे विल्यम स्पेन्स ह्यांच्यासह त्यांनी कीटकशास्त्राची ओळख करून देणारा चार खंडांचा ग्रंथ १८१५ ते १८२६ ह्या काळात लिहिला. पत्राच्या रूपाने लिहिलेला तो ग्रंथ सामान्य वाचकांसही फार आवडला. १८१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १८३३ साली लंडन येथे कीटकशास्त्राची संस्था निघाली, तेव्हा तिचे सन्माननीय अध्यक्षपद त्यांस देण्यात आले, व आपला कीटकसंग्रह त्यांनी तिला अर्पण केला. ४ जुलै १८५० रोजी बार्हम येथेच, नव्वद वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

त्यांच्या ‘मेलिटा’ वंशात पूर्वी शंभरावर जाती होत्या; त्यांतील बहुतेक दुसऱ्या वंशांत गेल्या, आणि ते नाव आज थोड्याच जातींपुरते उरले आहे. जातीचा वंश बदलला म्हणजे तिच्या मूळ नामकर्त्याचे नाव कंसात घालण्याची शास्त्रज्ञांची रीत आहे. त्यांनी ‘मिन्युटिसिमा’, म्हणजे अतिशय लहान, असे नाव दिलेली चारच मिलिमीटरच्या सुमाराची एक माशी अजून इंग्लंडात उडते, आणि तिच्या नावापुढे कंसात कर्बी, १८०२ असे लिहिलेले असते.