गोडसे भटजी आणि काडतुसाचे वंगण

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूजवळ शिपायांनी त्यांना नव्या काडतुसांची हकिगत सांगितली. एन्फिल्ड रायफलीचे कागदी काडतूस दातांनी फोडावे लागे. गोळी नळीत सहज उतरावी म्हणून त्याला वंगण लावीत. ते गाय-डुकराच्या चरबीचे, असा शिपायांचा संशय. खरे तर मेण आणि तेलही चालले असते! जानेवारीतच सरकारने पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली होती, पण उडालेला विश्वास परतला नाही. भटजींनी झाशीचा वेढा शहरात राहून पाहिला, लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ त्यांच्या पश्चात, १९०७ साली छापला गेला.