चित्रकार नंदलाल बोस

देश पारतंत्र्यात, पुढारी तुरुंगाच्या वाटेवर आणि खेडोपाडी अठराविश्वे दारिद्र्य. अशा समयी मनुष्याने चित्रे काढीत बसावे काय? ह्या प्रश्नास नंदलाल बोस ह्यांनी जे उत्तर दिले, त्याचा एक मोठा भाग आपल्या खानदेशात घडला.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी मुंगेर जिल्ह्यातील खरगपूर येथे झाला. कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या हाताखाली ते शिकले व पुढे शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख झाले.

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, फैजपूर येथे, भरावयाचे होते. तेथील नगर सजविण्याचे काम गांधीजींनी नंदलालांवर सोपविले. आपण पडलो चित्रकार, बांधकामातले आपणांस काय कळणार, असे म्हणून त्यांनी आढेवेढे घेतले. परंतु गांधीजींनी ते मानले नाही. मग स्थपती म्हात्रे ह्यांच्या जोडीने त्यांनी काम आरंभिले. बांबूसारखे जे सामान त्या मुलुखात सहज मिळे तेच घेतले, आणि तेथल्याच मजूर-कारागिरांच्या हातून नगर उभे केले. अधिवेशन संपताच हे सारे मोडावयाचे होते, हे सर्वांस ठाऊक होते. तरी कामात हयगय झाली नाही. स्नेहसंमेलनाच्या मंडपाकरिता भाड्याच्या कनाती आणू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे!

१९३८ साली गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनासाठी तर सुमारे चारशे चित्रफलक तयार झाले. त्यांपैकी ऐंशीहून अधिक नंदलालांच्या हातचे. बाकीचे शिष्यांनी व सहकाऱ्यांनी त्यांच्याच नमुन्यांवरून रंगविले. हातकागदावर जाड, वेगवान रेषांनी काढलेल्या ह्या चित्रांत देवदेवता वा राजेरजवाडे ह्यांची गर्दी नाही. सुतार आहे, पिंजारी आहे, ढोल वाजविणारा आहे, धान्य कांडणारी स्त्री आहे. अधिवेशनास आलेल्या शेतकऱ्यास ती सहज दिसावीत म्हणून दालनात बंद न ठेवता वेशींवर व मंडपांवर लावली होती. रेषांत घाई दिसते, असे कोणी रसिक म्हणेल. प्रस्तुत लेखकास त्या घाईतच त्यांचा जिवंतपणा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या मूळ प्रतीची पृष्ठे सजविण्याचे काम त्यांजकडे आले, तेही त्यांनी शिष्यांस बरोबर घेऊनच पुरे केले. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले.